बेदाण्याच्या हंगामात कोल्ड स्टोअरेजमधली मोबाईलची रेंज का जाते? वाटून लावलेल्या अँटेनांची तपासणी

आधी अडचण सांगतो. कोल्ड स्टोअरेजच्या आत मोबाईल कंपनीनं रीतसर मंजूर केलेली अँटेनांची यंत्रणा आहे. डिसेंबरात चेंबर रिकामी असतात तेव्हा कुठल्याही कोपऱ्यात उभं राहा, फोन लागतो. फेब्रुवारीत माल यायला लागतो. मार्चअखेर आवाज तुटायला लागतो आणि एप्रिल उजाडेपर्यंत तीन नंबरच्या चेंबरमध्ये फोन खिशात असून नसल्यासारखा होतो. दिवाळीकडं माल उठतो तशी रेंज परत येते आणि सगळे विसरून जातात. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

तासगाव रस्त्यावरच्या एका स्टोअरेजमध्ये हा खेळ मी सलग तीन हंगाम बघितला. सांगली-मिरज-कुपवाड भागात मी केबल आणि वायरलेसची कामं करतो. इथलं आतलं वायरिंग मोबाईल कंपनीच्या इंजिनिअरच्या देखरेखीखाली आम्हीच ओढलेलं. त्यामुळं फोन मलाच यायचा.

"दादा, परत गेली की ओ रेंज. आत पाच माणसं हायत, एकालाबी फोन लागंना." सुपरवायझर मामा हे सांगायला चेंबरमधून बाहेर, पार गेटपर्यंत आलेले असायचे.

ही नुसती गैरसोय नाही. सौद्याला उभा असलेला व्यापारी विचारतो, अमुक लॉटचे किती बॉक्स शिल्लक आहेत? ते बघायला माणूस आत जातो, बॉक्स मोजतो आणि सांगायला बाहेर येतो. आत चार-पाच अंश, बाहेर एप्रिलचं ऊन. दिवसातून वीस-पंचवीस वेळा ये-जा, दर वेळी दार उघडं, दर वेळी गरम हवा आत, आणि कॉम्प्रेसर सारखा चालू. शिवाय बहुतेक मोठ्या स्टोअरेजमध्ये अमोनिया असतो. वास आला तर आतल्या माणसाला बाहेर बोलावता आलं पाहिजे. त्यासाठी आतली घंटा आणि आतून उघडणारं दार हवंच, मोबाईल हा त्याला पर्याय धरू नका. पण घंटेच्या जोडीला फोनही लागला तर माणसाचा जीव निर्धास्त राहतो, हे आत काम करणाऱ्या हमालांना विचारून बघा.

चेंबर म्हणजे पत्र्याचा डबा

चेंबरच्या भिंती पफ पॅनेलच्या. मध्ये फोम आणि दोन्ही अंगांना पोलादी पत्रा. फोमला रेडिओ लहरींचं काही वावडं नाही, अडवतो तो पत्रा. अर्ध्या मिलिमीटरचा पत्रासुद्धा मोबाईलच्या लहरींना आरपार जाऊ देत नाही. जे काही आत झिरपतं ते दाराच्या रबराच्या फटीतून, पॅनेलच्या सांध्यांतून आणि पाइपासाठी पाडलेल्या भोकांतून. म्हणून बाहेर अंगणात चार काड्या दिसत असल्या तरी दार लागलं की आत शून्य. टॉवर जवळ आला म्हणून यात फरक पडत नाही.

उपाय एकच, सिग्नल केबलनं आत न्यायचा आणि लहान लहान अँटेनांमधून वाटायचा. छतावर टॉवरकडं तोंड केलेला घेणारा अँटेना, खाली पॅनेल रूममध्ये कंपनीचा मंजूर रिपीटर (आलेला सिग्नल मोठा करून पुढं सोडणारं यंत्र), तिथून कॉरिडॉरमधून गेलेली अर्ध्या इंचाची फीडर केबल, आणि प्रत्येक चेंबरला दोन अँटेना. चार चेंबर, आठ अँटेना. एक मोठा दिवा लावण्यापेक्षा आठ लहान दिवे लावावेत, तसं.

वाटणीचं गणित पाटाच्या पाण्यासारखं आहे. वरच्या शेतकऱ्यानं दार पूर्ण उघडलं तर शेवटच्या शेताला ओल पोचत नाही. म्हणून पहिल्या चेंबरपाशी असा कपलर बसवतात जो चौथा हिस्सा घेतो आणि तीन हिस्से पुढं सोडतो. तो ६ डीबीचा कपलर (डीबी म्हणजे सिग्नल किती पटीनं कमी-जास्त झाला ते सांगायचं माप). दुसऱ्यापाशी उरलेल्याचा तिसरा हिस्सा, म्हणजे ४.८ डीबीचा. शेवटी उरलेलं निम्मं-निम्मं करायला साधा स्प्लिटर, ३ डीबीचा. असं केलं की चौघांना सारखं मिळतं. सगळीकडं स्प्लिटरच ठोकत गेलं तर पहिल्या चेंबरला निम्मं आणि शेवटच्या दोघांना आठवा-आठवा हिस्सा येतो. कपलरला दिशा असते हेही लक्षात ठेवा. उलटा बसवला तर बाजूच्या तोंडातून जवळजवळ काहीच निघत नाही, आणि बाहेरून बघून ते कळत नाही. अंगावरचं अक्षर वाचूनच बसवायचा.

"मोठा बूस्टर टाका की"

पहिल्या हंगामात मालकांचं म्हणणं हेच होतं आणि खरं सांगायचं तर आमचाही कल तिकडंच होता. कंपनीच्या इंजिनिअरनं येऊन रिपीटरचा गेन, म्हणजे सिग्नल मोठा करायचं प्रमाण, थोडा वाढवून बघितला. दोन दिवस बरं वाटलं, मग पुन्हा जैसे थे.

गेन वाढवायला मर्यादा आहे. आतल्या अँटेनांचा आवाज छतावरच्या अँटेनाला ऐकू गेला की रिपीटर स्वतःचाच आवाज पुन्हा पुन्हा मोठा करत बसतो. लग्नाच्या मांडवात माइक स्पीकरसमोर धरल्यावर शिट्टी वाजते, तेच हे. म्हणून आतल्या आणि बाहेरच्या अँटेनामधला अडसर रिपीटरच्या गेनपेक्षा निदान १५ डीबीनं जास्त ठेवतात. गेन ६५ असेल तर अडसर ८० हवा. चांगला रिपीटर शिट्टीची चाहूल लागताच गेन आपण होऊन खाली आणतो. मग तुम्ही आकडा वाढवता आणि यंत्र तो गुपचूप कमी करतं. आणि शिट्टी खरंच सुरू झाली तर टॉवरच्या कानात गोंगाट जातो आणि आजूबाजूच्या गावातल्या माणसांचे फोन तुटायला लागतात.

यात कायद्याची बाजूही आहे. बाजारात किंवा ऑनलाइन मिळणारा बूस्टर आपल्या मनानं आणून लावणं बेकायदा आहे. मोबाईलच्या पट्ट्यात (म्हणजे ठरवून दिलेल्या फ्रिक्वेन्सीत) सिग्नल सोडणारं यंत्र बसवायचा अधिकार परवानाधारक मोबाईल कंपनीचा. १९३३ चा वायरलेस टेलिग्राफी कायदा यासाठीच होता आणि आता २०२३ चा दूरसंचार कायदा आहे. यंत्र जप्त होतं, दंड होतो. माझ्याकडं येणाऱ्या प्रत्येकाला मी हे आधी सांगतो, मग बाकीचं बोलतो. ज्यांना अशी यंत्रणा हवी त्यांनी आपल्या मोबाईल कंपनीकडं लेखी मागणी करावी. इमारतीच्या आतल्या कव्हरेजसाठी त्यांच्याकडं वेगळा विभाग असतो.

काड्या बघू नका, आकडा बघा

दुसरा हंगामही असाच गेला. तिसऱ्या हंगामात मी ठरवलं की यंत्राला हात लावायचा नाही, आधी मोजायचं.

यासाठी महागडं यंत्र लागत नाही. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंगमधल्या 'फोनबद्दल' या भागात सिमची स्थिती उघडली की सिग्नलचा आकडा डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलच्या ताकदीच्या मापात, दिसतो. बऱ्याच फोनमध्ये *#*#४६३६#*#* डायल केलं तरी तो पडदा उघडतो. आकडा उणे असतो. उणे ८५ म्हणजे चांगला, उणे १०० म्हणजे काम भागतं, उणे ११० ला बोलणं अडखळतं आणि उणे १२० च्या आसपास फोन नुसता धडपडतो. दर ३ डीबीला ताकद निम्मी होते हे डोक्यात पक्कं ठेवा, म्हणजे दहा-वीस डीबीचा फरक केवढा असतो ते उमगेल. काड्यांवर विश्वास ठेवू नका. किती आकड्याला किती काड्या दाखवायच्या हे फोन बनवणारा ठरवतो, त्यामुळं दोन फोन शेजारी धरले तरी काड्या वेगळ्या दिसतात.

मोजताना एकच फोन आणि एकच सिम वापरा, फोर-जी पक्कं करून ठेवा. वाय-फाय बंद. फोन छातीशी धरायचा, दार लावून घ्यायचं, आणि एका जागी मिनिटभर थांबून मगच आकडा लिहायचा, कारण तो सारखा वरखाली होत असतो. मी खडूनं जमिनीवर खुणा केल्या, प्रत्येक चेंबरमध्ये सहा. वहीत तारीख, चेंबर, खूण, आकडा आणि माल किती भरलाय ते.

आकडा कुठं असायला हवा हे कागदावरही काढता येतं. आमचा रिपीटर १५ डीबीएम सोडतो. पण फोन जो फोर-जीचा आकडा दाखवतो तो सगळ्या सिग्नलचा नसतो, त्यातल्या एका बारीक धाग्याचा असतो. १० मेगाहर्ट्झच्या फोर-जीत असे ६०० धागे असतात, म्हणून २८ डीबी वजा करायचे. उरले उणे १३. बरेच जण इथंच फसतात, यंत्रावर १५ बघतात आणि फोनवर उणे ८० बघून हबकतात. मग तीन नंबरच्या चेंबरपर्यंतची ३० मीटर फीडर केबल ९०० मेगाहर्ट्झला साधारण २ डीबी खाते, वाटणीत ६ जातात, कपलरच्या पोटात १, आतल्या स्प्लिटरला ३.३, अँटेनापर्यंतच्या बारीक केबलला दीड-पावणेदोन, आणि आठ कनेक्टरना मिळून १ धरा. बेरीज १५. म्हणजे अँटेनापाशी उणे २८. अँटेना आपले २ परत देतो. पुढं दहा मीटर मोकळ्या हवेत ९०० मेगाहर्ट्झला साडेएकावन्न डीबी जातात. राहतात उणे ७७-७८.

यंत्रणा नवी होती तेव्हा रिकाम्या चेंबरमध्ये कंपनीच्या माणसानं लिहिलेला आकडा होता उणे ७९. कागद आणि फोन जुळत होते. म्हणजे आराखडा बरोबर होता.

(तुमची यंत्रणा २१०० मेगाहर्ट्झवर असेल तर हवेतच आणखी सात-साडेसात डीबी जातात, आणि अर्ध्या इंचाची केबल १०० मीटरला ७ ऐवजी सुमारे ११ खाते. हिशेब त्या पट्ट्याचा करा.)

दोन चेंबर शेजारी ठेवून बघितली

एप्रिलमध्ये चारही चेंबर छतापर्यंत भरलेली होती. एक नंबरमध्ये सर्वांत आतल्या खुणेवर उणे ९८, तीन नंबरमध्ये त्याच जागी उणे ११६.

इथं गुंता सुटायला लागला. एक नंबरही तेवढंच भरलेलं, बॉक्स तेच १५ किलोचे, रॅक तेच. तिथं मालामुळं साधारण २० डीबी गेले. बेदाणा कोरडा दिसला तरी त्यात १५ टक्क्यांच्या आसपास ओलावा असतो, वर साखर. पाणी असलेली कुठलीही वस्तू या लहरी शोषते आणि हे तर बॉक्सचे डोंगर. म्हणजे माल भरल्यावर २० डीबी जाणार हे धरूनच चालायचं. ते गेले तरी एक नंबरमध्ये बोलणं होत होतं. तीन नंबरमध्ये वरचे १८ डीबी कुठं गेले? ते माल खात नव्हता.

आणि मग ध्यानात आलं की डिसेंबरातही ते गेलेलेच असणार. उणे ७९ मधून १८ गेले तर उणे ९७ राहतात, आणि उणे ९७ ला फोन लागतो! आम्ही दर डिसेंबरला आत जाऊन एक फोन लावायचो, लागला की "चालू आहे" म्हणून वहीत बरोबरची खूण करायचो. दोष बारमाही होता, रिकाम्या चेंबरनं तो झाकून ठेवला होता. माल भरला की शिल्लक संपायची आणि दोष उघडा पडायचा. हंगामाचा आणि दोषाचा संबंध एवढाच.

पुढं काहीही करा, पण हे आधी करा. तुमच्याकडं सारख्या दोन खोल्या असतील तर दोन्हींत एकाच दिवशी, एकाच भरतीला मोजा. फरक दोन-चार डीबीचा असेल तर मालाचा आणि जागेचा प्रश्न आहे. दहा-पंधराचा असेल तर तारेत काहीतरी आहे.

तारेतलं पाणी

तीन नंबरच्या दोन अँटेनांपैकी दारापाशीचा ठीक होता. आतल्या अँटेनाची बारा मीटरची केबल स्प्लिटरपासून सोडवली आणि आधी नॅनो व्हीएनए लावून बघितलं. हे तळहाताएवढं मोजयंत्र आहे, हौशी रेडिओवाले वापरतात, आमच्यासारख्यांना परवडतं. किती सिग्नल उलटा परत येतो ते दाखवतं. परत येणारा भाग १५ डीबीनं किंवा जास्त खाली असेल तर सगळं ठीक मानतात. माझ्याकडं आला १७. उत्तम! दुसरा कोणी असता तर केबल चांगली म्हणून पुन्हा जोडून खाली उतरला असता, आणि आदल्या वर्षी मी अगदी तसाच उतरलो होतो.

पण परत येणारा सिग्नल कमी असण्याची कारणं दोन असू शकतात. एक, तो सगळा अँटेनातून बाहेर पडला. दोन, तो जाताना आणि येताना वाटेतच जिरला. फरक ओळखायला अँटेना काढून केबलच्या टोकाला शॉर्ट लावायचा, म्हणजे केबलची मधली तार आणि तिच्याभोवतीची जाळी एकमेकांना टेकवणारी टोपी. आता सिग्नलला बाहेर पडायला वाटच नाही, सगळा परत आला पाहिजे. पावणेदोन डीबी खाणारी केबल असेल तर जाऊन-येऊन साडेतीनच्या आसपास आकडा दिसायला हवा. मी शॉर्ट लावला, आकडा सतराचा साडेसोळा झाला. म्हणजे टोकाला काय जोडलंय याचा केबलला पत्ताच नव्हता. सिग्नल तिथवर पोचतच नव्हता.

यंत्र नसेल तर साधा मल्टिमीटरही बरंच सांगतो. केबल दोन्ही टोकांनी सोडवा आणि मधली तार व जाळी यांच्यामधला रोध मोजा. कोरड्या केबलला मीटर काहीच दाखवत नाही, सर्किट उघडं. आमच्या मीटरवर चाळीस हजार ओहमच्या आसपास आकडा नाचत होता. नाचणारा आकडा म्हणजे पाणी, असं समजायला हरकत नाही.

अँटेनाकडचा एन-कनेक्टर (पेचानं आवळायचा केबलचा जोड) मी बाहेर उजेडात आणून उघडला. नट फिरवताच कडेनं थेंब आला. आतली पितळी पिन हिरवट झालेली, जाळी काळी पडलेली, आणि बाहेरचं काळं आवरण सोलत गेलो तसं वीतभर, हातभर, पुढं जवळजवळ दोन मीटरपर्यंत जाळी ओली. वातीत तेल चढावं तसं पाणी जाळीतून चढत गेलं होतं. बोटांना चिकट लागत होतं.

चेंबरच्या आत, छताखाली, जिथं पाऊस कधी पडत नाही, तिथं पाणी आलं कुठून? केबल ज्या भोकातून पफ पॅनेलमधून आत गेली होती ते भोक बघितल्यावर कळलं. भोकात प्लास्टिकचा पाइपचा तुकडा, त्यातून केबल, आणि आतल्या बाजूनं सिलिकॉन व्यवस्थित भरलेलं. बाहेरची, कॉरिडॉरकडची बाजू मात्र उघडी. कॉरिडॉरमधली गरम दमट हवा त्या पाइपात शिरायची आणि पुढच्या थंड टोकाला तिचं पाणी व्हायचं. फ्रीजमधून काढलेल्या तांब्यावर पाणी सुटतं तेच, फक्त बंद पाइपाच्या आत, वर्षभर, थेंब थेंब. आणि कारागिरानं कनेक्टरचा एक जोड नेमका त्या पाइपाशेजारी, आतल्या बाजूला ठेवला होता. पाण्याला आयतं दार मिळालं.

आता सील कसं करायचं ते नीट सांगतो, कारण हे चुकलं की दोन वर्षांनी पुन्हा तेच. वाफ नेहमी गरमाकडून गाराकडं जाते, म्हणून पक्कं सील गरम बाजूला हवं. आतल्या बाजूचं सील त्यानंतरचं. पाइपाचा तुकडा बाहेरच्या अंगाला किंचित उतरता बसवा. केबलभोवतीची सगळी पोकळी पीयू फोमनं भरा, तो सुकल्यावर कापून दोन्ही तोंडांना सिलिकॉन भरा. पाइपात किंवा पाइपालगत जोड ठेवू नका, केबल सलग आत जाऊ द्या. कनेक्टरवर आधी ताणून चिकटणारी रबर टेप, तिच्यावर पीव्हीसी टेप. उभ्या केबलवर टेप खालून वर गुंडाळत जा, म्हणजे वरचा वेढा खालच्या वेढ्यावर येतो आणि कौलांसारखं पाणी घसरून जातं. वरून खाली गुंडाळली तर प्रत्येक वेढ्याच्या कडेत पाणी अडकतं. आणि कनेक्टरच्या आधी केबलला खाली एक झोळ द्या, थेंब तिथून गळून पडेल.

ओली केबल वाळवून वापरायचा मोह टाळा. जाळी एकदा काळी पडली की ती केबल गेली. आम्ही बारा मीटर नवी टाकली, दोन्ही कनेक्टर नवे. अमोनियाचा वास ज्या कोपऱ्यात येतो तिथं पितळी जोड शक्यतो ठेवूच नका, अमोनिया तांब्या-पितळेला खातो.

नवी केबल टाकल्यावर त्याच खुणेवर, भरलेल्या चेंबरमध्ये उणे ९९. एक नंबरच्या शेजारी येऊन बसला.

बाकी जे सापडलं

चार नंबरमध्ये बॉक्स लावताना एका अँटेनाला धक्का बसून तो तुटला होता. कोणीतरी तो काढून ठेवला आणि स्प्लिटरचं ते तोंड उघडंच ठेवलं. उघड्या तोंडावरून सिग्नल मागं फिरतो आणि दुसऱ्या अँटेनाच्या वाट्यातही ढवळाढवळ करतो. अँटेना परत बसेपर्यंत तिथं ५० ओहमचा डमी लोड, म्हणजे सिग्नल जिरवून टाकणारी टोपी, लावायचा. छोटी वस्तू आहे, बॅगेत दोन-तीन असूच द्या.

अँटेनांच्या जागाही बदलल्या. आराखडा रिकाम्या खोलीचा होता, त्यामुळं अँटेना छताच्या बरोबर मधोमध, म्हणजे रॅकच्या डोक्यावर आले होते. माल भरला की वरच्या बॉक्सपासून अँटेनापर्यंत हातभरही जागा राहत नाही. माणसं तर गल्लीत उभी असतात. गल्ली कधीच भरत नाही, म्हणून सिग्नल गल्लीच्या तोंडातून आत सोडायचा. एक आणि तीन नंबरमध्ये छतावरचे गोल अँटेना काढून गल्लीच्या दोन टोकांना भिंतीवर चपटे पॅनेल अँटेना लावले, गल्लीकडं तोंड करून. दोन्हीकडं सात-आठ डीबीचा फायदा झाला. धक्का लागू नये म्हणून त्यांना पिंजरा करायचा असेल तर प्लास्टिकचा करा. लोखंडी जाळी लावाल तर अँटेना पुन्हा डब्यात जाईल.

एक प्रकार वेगळा ओळखायला शिका. आकडा उणे ९० आहे आणि तरीही फोन लागत नाही, नेट हलत नाही. मग वायरिंग खोलत बसू नका. हंगामात अंगणात गाड्यांची रांग असते, ड्रायव्हर, व्यापारी, शेतकरी सगळे त्याच टॉवरवर. पहाटे सहाला आणि दुपारी बाराला मोजा. आकडा दोन्ही वेळी तोच आणि फोन फक्त दुपारीच अडत असेल तर टॉवरवर गर्दी आहे. आतले अँटेना नवी क्षमता निर्माण करत नाहीत, टॉवरकडं जे आहे तेच वाटतात. याची तक्रार आकडे आणि वेळा लिहून कंपनीकडं करा.

आणि चारही चेंबरमध्ये एकाच दिवशी सारखीच घट झाली तर आत शोधू नका. छतावर जा. घेणाऱ्या अँटेनासमोर नवं शेड उभं राहिलंय का, वाऱ्यानं त्याचं तोंड फिरलंय का, की टॉवरचा पट्टाच बदललाय? शेवटचं फक्त कंपनीला कळतं आणि रिपीटर नव्या पट्ट्यावर लावणंही त्यांचंच काम.

लहान स्टोअरेज असेल, कंपनी रिपीटर द्यायला तयार नसेल, तर वाय-फायचा रस्ता आहे. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झचे वाय-फायचे पट्टे ठरलेल्या ताकदीच्या मर्यादेत विनापरवाना वापरता येतात, आणि आता बहुतेक फोनमध्ये वाय-फायवरून साधा फोन लावायची सोय असते. सेटिंगमध्ये ती चालू करायला हवी, बऱ्याच जणांच्या फोनमध्ये ती बंदच असते. फक्त एका ॲक्सेस पॉइंटचे (वाय-फाय सोडणाऱ्या डब्याचे) दोन अँटेना सोडवून दोन वेगळ्या चेंबरमध्ये नेऊ नका. ते दोन्ही मिळून एकाच फोनशी बोलण्यासाठी असतात, ताटातूट केली तर दोन्ही खोल्यांत अर्धवट काम होतं. प्रत्येक चेंबरला स्वतंत्र ॲक्सेस पॉइंट द्या, थंडी आणि ओलावा सोसणारा, नेटवर्कच्या तारेनं जोडलेला. आणि तिथलंही भोक वर सांगितलं तसंच सील करा.

पॅनेल रूमच्या दाराच्या आतल्या बाजूला आता एक कागद प्लास्टिकमध्ये घालून चिकटवलाय. चार चेंबर, प्रत्येकी सहा खुणा, दोन रकाने, 'रिकामं' आणि 'भरलेलं'. डिसेंबरात आणि एप्रिलमध्ये मामा स्वतः फोन घेऊन फिरतात आणि आकडे भरतात. रिकाम्या चेंबरचा कुठलाही आकडा आदल्या डिसेंबरपेक्षा सहाहून जास्त घसरला तर माल यायच्या आधी मला फोन करायचा असं ठरलंय. गेल्या डिसेंबरात त्यांचा फोन आला. "दादा, दोन नंबरच्या पाचव्या खुणेला उणे ८८ दाखवतंय, मागल्या बारीला ८० होतं." जाऊन बघितलं तर अँटेनाचा नट सैल झाला होता. पान्यानं पाव वेढा आवळला, टेप नवी केली, आकडा परत उणे ८०.